तिखट तेवढं उरलं

प्रिय धाकटे,

परवा फोन ठेवला तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय. तू हसशील. म्हणशील, वाढदिवसालासुद्धा फोनवरून नुसतं केकचं चित्र पाठवणाऱ्या ताईला पत्राची हुक्की कुठून आली! पण फोनवर आपलं दोघींचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू बोलत सुटतेस, मी हं हं करत राहते आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. आज मी सुट्टी घेतलीय. चिमी शाळेत गेली, तुझे भावजी कामावर गेले आणि मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलेय. समोरच्या इमारतीला रंग देणं चाललंय. रंगारी दोराला लटकून मोठमोठ्याने गातो आणि मध्येच खालच्या माणसाला शिव्या घालतो. रंगाच्या वासाने डोकं चढतं म्हणून सगळ्यांनी खिडक्या घट्ट लावून घेतल्यात. आमची तेवढी सताड उघडी आहे.

आधी तुझ्या नूडल्स. "चिमीच्या त्या तिखटजाळ कोरियन नूडल्स मला करून घाल, फोटो बघूनच तोंडाला पाणी सुटतं," असं तू परवा दोनदा म्हणालीस. अगं, त्या इतक्या सोप्या आहेत की त्यासाठी कुणाची वाट बघायला नको. एका खोलगट वाडग्यात लसूण बारीक चिरून घे. त्यावर जाडसर कुटलेली लाल मिरची, तीळ, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग आणि चमचाभर साखर. छोट्या भांड्यात तेल तापव, धूर निघायच्या बेतात आलं की सरळ वाडग्यात ओत. चर्र झालं पाहिजे. नाही झालं तर मिरची कच्चीच राहील. मग सोया सॉस आणि थोडं व्हिनेगर. मिरची आंबवून करतात ती त्यांची लाल पेस्ट दुकानात मिळाली तर चमचाभर घाल, नाही मिळाली तर टोमॅटो सॉसवर भागव. चिमी म्हणते, चालतं. तिकडच्या लोकांच्या कानावर गेलं तर ते काय म्हणतील ते तेच जाणोत. नूडल्स पाकिटावर लिहिल्यापेक्षा जरा कमी उकड, नाहीतर लगदा होतो. आणि उकडलेलं पाणी सगळं ओतून देऊ नकोस, त्यातलं पळीभर वाडग्यात घाल, म्हणजे लाल रस नूडल्सना धरून राहतो. वर पातीचा हिरवा भाग आणि एक अंडं. चिमी अंडं आतून पातळ ठेवते, पण तू आत्ता पूर्ण उकडूनच खा. आणि तिखट निम्मं घाल. पोटातल्याला इतक्यात रडवायला नको.

चिमीला हा नाद त्या कोरियन मालिकांमुळे लागला. त्यात म्हणे सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी माणसं नूडल्स खातानाच एकमेकांना सांगतात. कुणाचं प्रेम जमलं की नूडल्स, कुणाची नोकरी गेली की नूडल्स. मी तिला म्हटलं, आपल्याकडे सगळं चहावर भागतं. तर म्हणाली, "म्हणूनच आपल्याकडे कुणी कुणाला काही सांगत नाही. चहा दोन घोटांत संपतो." पंधरा वर्षांची कार्टी, पण बोलायला लागली की वाटतं हीच माझी आई.

पण त्या नूडल्स आमच्या घरी कशा रुळल्या, ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. तापाचंही मी वरवरच सांगितलं होतं. तेव्हा तुझं नवीन घर, तुझं नवीन लग्न, तू सामान लावण्यात दंग होतीस. तुला म्हटलं होतं की ताप येऊन गेला, तोंडाची चव गेलीय, येईल. सगळेच तसं म्हणत होते. तापातून उठले, अंगात जरा ताकद आली आणि एका सकाळी तुझ्या भावजींनी कॉफी करून आणली. घोट घेतला तर नुसतं गरम कडू पाणी. मी त्यांच्यावर डाफरले, "बाकीचं सगळं जमतं, कॉफीच तेवढी जमत नाही का हो?" ते बिचारे माझ्या कपातला घोट घेऊन म्हणाले, "चांगली झालीय की." मी उठून कॉफीचा डबा उघडला आणि त्यात नाक घातलं. काही नाही. साबण घेतला. काही नाही. लसूण ठेचला. मग दारामागचे त्यांचे बूट उचलले, ज्या बुटांपासून मी लग्न झाल्यापासून चार हात लांब राहात आलेय, आणि एका बुटात चक्क तोंड खुपसलं. ते बघून दोघंही बापलेक हसत सुटले. मीही हसले. बूट हातात धरून जमिनीवर बसले आणि हसता हसता मला एकदम गार वाटायला लागलं.

तुला तर माहीत आहे, आपल्या घरात नाकाने कांदे सोलणारी मीच होते. नाकावरच माझं पोट चाललं होतं. आमच्या मसाल्याच्या कारखान्यातली ती काचेची खोली तू पाहिली होतीस, जिथे आम्ही सहा-सातजणी पांढरे कोट घालून छोट्या कपांतले सॉस आणि मसाले हुंगत, चाखत बसायचो. तू तेव्हा म्हणाली होतीस, "ताई, तुला खाण्याचे पैसे मिळतात? माझी बदली कर ना इथे." ताप गेल्यावर मी तिथे परत गेले ते कुणाला काही न सांगता. वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळायचं. बाकीचं मी शेजारणीच्या तोंडाकडे बघून ठरवायचे. तिने नाक मुरडलं की मी मुरडायचे, तिने मान हलवली की मीही. नाक मुठीत धरून काम करणं म्हणतात ना, ते मी शब्दशः केलं. पण एकदा ती रजेवर होती आणि तिळाच्या तेलाचा नवा माल माझ्याच टेबलावर आला. मी चांगला म्हणून पुढे पाठवला. तो खवट होता. बाटल्या भरणाऱ्या बायकांनी नाकाला रुमाल लावून आरडाओरडा केला, तेव्हा कळलं.

आमच्या विभागाच्या मॅडमनी मला बोलावलं. दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर दोन कप ठेवले. "एकात गुलाबपाणी आहे, कुठल्या ते सांगा." मी दोन्ही हुंगले, परत हुंगले आणि उजवीकडचा उचलला. माझ्या हातातला कप काढून घेऊन त्यांनी खाली ठेवला आणि त्या म्हणाल्या, "दोन्हींत पाणीच आहे हो." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला घालवलं नाही, माणुसकी दाखवली. वरच्या मजल्यावर पाकिटांवरचा मजकूर लिहायच्या टेबलावर बसवलं. आता मी दिवसभर 'खमंग', 'झणझणीत', 'घराघरांत दरवळणारा' असले शब्द बसवते. माझा मजकूर सगळ्यांत चांगला होतो, असं साहेब म्हणतात. कुठला मसाला कसा दरवळतो ते मला अजून आठवतं, म्हणून होत असेल. पण आठवणही विरत चाललीय. वेलची आणि बडीशेप, मी डोळे मिटून दोन्ही आठवून बघते तेव्हा हल्ली डोळ्यांपुढे नुसते हिरवे दाणे येतात.

असे दिवस चालले होते आणि एका रविवारी दुपारी चिमीने जाहीर केलं की आज स्वयंपाकघरात कुणी पाय ठेवायचा नाही. आतून बराच वेळ भांड्यांची आदळआपट ऐकू आली. मग ते चर्र. त्यासरशी तिखटाचा असा भपकारा बाहेर आला की तुझे भावजी हातातला पेपर टाकून खोकायला लागले. चिमी आत खोकतेय, हे बाहेर खोकताहेत. आणि धाकटे, मीही खोकले! मला ठसका लागला! इतक्या महिन्यांत घरातल्या हवेने मला पहिल्यांदा हात लावला होता. चिमीने वाडगे आणले. लालभडक, तेलाने चकाकणाऱ्या नूडल्स. मी पहिला घास घेतला आणि ओठ, जीभ, टाळू, कान, सगळं पेटलं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी. तुझे भावजी म्हणत होते, "हे जेवण आहे की शिक्षा?" आणि मी खात होते. वाडगा संपवला, त्यांचा उरलेला ओढून घेतला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "येतोय का?" मी म्हटलं, "येतोय."

खोटं नव्हते बोलत. मला खरंच तसं वाटलं. तो माणूस चप्पलसुद्धा उलटी घालून खाली धावला आणि आइसक्रीमचा मोठा डबा घेऊन आला. त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तो फोन तुला नक्की आठवत असेल. तू रडलीस, मी रडले, चिमी मागून "माझ्या नूडल्समुळे, मावशी, माझ्या नूडल्समुळे!" म्हणून ओरडत होती. ताई बरी झाली असं तू तेव्हा मनात पक्कं केलंस. त्यात तुझं काही चुकलं नाही.

नंतर मी रोज त्या नूडल्स करायला लागले. वासाला आमिष दाखवत होते म्हण ना. वाटायचं, आज ठसका लागला, उद्या लसूण येईल, परवा तीळ. आला नाही. रोज तेच, आग. मग आम्ही नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. म्हातारे गृहस्थ, बोलायला फटकळ पण हात हलका. मी मोठ्या उत्साहाने ठसक्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासलं आणि म्हणाले, "बाई, तिखट ही चव नसते. ते दुखणं असतं. ती खबर नेणारी शीर वेगळी, ती तुमची धडधाकट आहे. वासाची गेलीय." तुझे भावजी म्हणाले, "पण येईल ना, डॉक्टर?" डॉक्टर म्हणाले, "इतक्या महिन्यांनी सहसा येत नाही." तरी त्यांनी चार बाटल्या दिल्या. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा. चिमी शाळेत जायच्या आधी माझ्यासमोर बाटल्या धरून बसायची, मास्तरणीसारखी. "आई, हा गुलाब. आठव. कुठे बघितलेला गुलाब आठव." मी आठवायचे. ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची. पुढे पुढे मला वाटायला लागलं, पोरगी रोज सकाळी माझ्याकडून काहीतरी मागतेय आणि मी रोज तिला नाही म्हणतेय. परत तपासायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता पुरे केलंत तरी चालेल." चिमीने त्या बाटल्या फेकल्या नाहीत, कुठेतरी ठेवल्यात. मी विचारत नाही.

हे तुला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू, तेवढ्यात तू गोड बातमी दिलीस. मग तर तोंडच उघडेना.

लोकांना हे दुखणं वाटतच नाही. ऑफिसातली एकजण म्हणाली, "बरंय बाई तुमचं, बसमध्ये त्रास नाही." मी हसले. काय सांगणार? माझ्या घामाचा वास मला येत नाही म्हणून मी दोनदोनदा अंघोळ करते आणि बसमध्ये खिडकीशी अंग चोरून बसते. दूध नासलंय का, भात विटलाय का, हे चिमीला विचारते. ती शाळेतून आली की दप्तर खांद्यावर ठेवूनच फ्रिज उघडते आणि एकेक डबा हुंगून सांगते, "हे चांगलं, हे टाक, हे आजच संपव." तिच्या वयाच्या पोरी मैत्रिणींबरोबर हुंदडत असतात. पण याहून वाईट काय आहे ते सांगू? माणसं. तुझे भावजी दमून आले की त्यांच्या शर्टाला यंत्राच्या तेलाचा आणि उन्हाचा वास असायचा. तो आला की घर भरायचं. आता ते येतात, बसतात, बोलतात, पण मला काचेपलीकडून बघितल्यासारखं वाटतं. चिमीला जवळ घेते, तिच्या केसांत तोंड घालते, आणि नुसते केस लागतात. ती कुणाचीही असू शकते. असं लिहू नये, पण खरं आहे.

आई गेली तेव्हा तू अंगावर पिणारी होतीस. बाबा कामावर, आणि मी अकरा वर्षांची पोर तुला काखोटीला मारून फिरायचे. तुझं अंग तापायच्या आधी तुझ्या श्वासाला एक आंबूस वास यायचा. मी बाबांना सांगायचे, हिला आज ताप येणार. बाबा आधी हसायचे, मग हसेनासे झाले, मी म्हटलं की सरळ औषध आणायला जायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची थोरली हुंगून सांगते." तुला मी तशी वाढवली, मला दुसरं काहीच येत नव्हतं.

म्हणून नूडल्स सोडवेनात. डॉक्टरांनी सांगितल्यावरही. तोंडाचा जाळ होत असतो तेवढा वेळ मी इथे असते, या घरात, या खुर्चीवर, माझ्या माणसांत. जाळ विझला की परत काचेमागे. म्हणून मिरची वाढत गेली. दोन चमच्यांचे तीन झाले, मग मी मोजणं सोडलं. पोटात आग पडायला लागली, तोंड सोललं, तरी करायचे. तुझ्या भावजींनी तिखटाची बरणी लपवली. सापडली. परत लपवली, परत सापडली. शेवटी ते ओट्याशी टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तू खातेस तेव्हा मला बघवत नाही." मी म्हटलं, "मग बघू नका." आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं पहिल्यांदा बोलले. ते बाहेर जाऊन बसले.

आता ढब्बूचं सांगते. समोरच्या घरात एक नर्स राहायला आलीय, तिचा दीड वर्षांचा मुलगा. गोल गोल म्हणून ढब्बू. तिची ड्यूटी आणि तिच्या नवऱ्याची ड्यूटी यांच्या मध्ये थोडा वेळ मोकळा राहायचा, तेवढ्यापुरती ती त्याला माझ्याकडे ठेवायची. मीच म्हटलं होतं तिला. तो माझ्या मांडीवर झोपायचा. त्याचा वास मला येत नव्हता, पण त्याचं वजन कळायचं, आणि झोपेत गरम व्हायचा ते कळायचं. परत काहीतरी जमतंय असं वाटायला लागलं होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. मी लवकर घरी आले होते. बाहेर गार वारा होता म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या. नूडल्ससाठी गॅसवर पाणी ठेवलं होतं, भांडं काठोकाठ भरलेलं. तेवढ्यात ढब्बू बाहेरच्या खोलीत किरकिरायला लागला, म्हणून मी त्याच्याजवळ जाऊन आडवी झाले आणि थोपटत राहिले. पाणी उतू गेलं असणार आणि त्याने जाळ विझला असणार. मी थोपटत होते, गुणगुणत होते. धाकटे, मला सगळ्यांत जास्त याचीच भीती वाटते. किती वेळ गेला ठाऊक नाही, पण त्या वेळात मला फार शांत वाटत होतं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं शांत. खोली भरत चालली होती आणि मी सुखात होते. ढब्बू झोपला तशी मी उठले, ओट्याशी गेले, बघितलं तर गॅस विझलेला. वाटलं, सिलिंडर संपला की काय, म्हणून लायटर उचलला. तेवढ्यात बाहेरचं दार उघडलं आणि चिमी किंचाळली, "आई, हात लावू नकोस!" तिने दप्तर फेकलं, मला ढकललं, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि ढब्बूला उचलून जिन्यात पळाली. मी तिथेच उभी. लायटर हातात. नाकाला काहीही नाही.

ढब्बू जिन्यात जागा झाला, एकदा ओकला आणि मग भोकाड पसरून रडला. ते रडणं ऐकलं तेव्हा कुठे मी लायटर खाली ठेवला. नर्स आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने त्याचे डोळे बघितले, छातीला कान लावला आणि म्हणाली, "काही झालेलं नाही, ताई. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." फार चांगली बाई आहे. दुसऱ्या दिवसापासून तो पाळणाघरात जातो. ती अजून भेटली की हसते, तब्येत विचारते. ढब्बू तिच्या कडेवरून माझ्याकडे हात पसरतो. ती म्हणते, "उशीर होतोय रे," आणि त्याला घेऊन जाते. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

चिमी त्या दिवसापासून मला घरी एकटी ठेवायला बघत नाही. आज सुट्टी घेतली म्हटल्यावर तिने शाळेत जाताना गॅसचं खालचं बटण बंद केलं आणि लायटर दप्तरात घालून घेऊन गेली. थंड दूध आणि पाव ठेवून गेलीय.

आता परवाच्या फोनचं. तू म्हणालीस, बाळाचे बाबा बोटीवर, त्यांना यायला अजून चार महिने, तुझं दुसरं कुणी नाही, मी पुढच्या महिन्यात यावं आणि बाळ जरा मोठं होईपर्यंत राहावं. "तू आलीस की मी निर्धास्त झोपेन, ताई," म्हणालीस. मी म्हटलं, "हो, बघते." ते 'हो' मागे घ्यायला हे पत्र आहे. मी येणार नाही. तू म्हणशील, गॅसच्या वासाने ओरडणारी डबी मिळते, ती बसवू. ती तुझ्या भावजींनी दुसऱ्याच दिवशी आणून इथे बसवलीय. पण तिला फक्त गॅस कळतो. बाटलीतलं दूध फाटलंय, बेंबी आतून चिघळतेय, बाळाला ताप येणार आहे, कुठे वायर जळतेय, हे मला कळणार नाही, आणि तू तर माझ्या भरवशावर झोपलेली असशील. समोरच्या नर्सने तुझ्या गावातल्या एका अनुभवी बाईंचा फोन नंबर दिलाय, तो मागच्या बाजूला लिहिलाय. त्यांना आजच फोन कर. मला करू नकोस निदान काही दिवस. रागाव, बोलणं टाक, मी सगळं सोसेन. फक्त एक कर, मला परत ये म्हणू नकोस. तुला नाही म्हणायची सवय मला कधी लागलीच नाही. तू अजून एकदा ये म्हणालीस, तर मी येईन.

तुझीच, दुसऱ्या कुणाची होता न आलेली,
ताई